सायबाच्या नावाचं विद्यापीठ

वाचकहो, तीन डिसेंबर जवळ आला की आमच्या घरी आईची आठवण निघते. आमचं गाव बांद्याच्या अलीकडे. गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जुन्या गोव्याचं फेस्त आमच्याकडे कुणाला परकं नव्हतं. माझा धाकटा भाऊ लहानपणी फार आजारी पडला, तेव्हा आईनं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलंच, शिवाय शेजारणीनं सांगितलं म्हणून ‘गोंयच्या सायबा’लाही नवस बोलली. भाऊ बरा झाला. कुणाच्या कृपेनं झाला याचा हिशोब आईनं कधी मांडला नाही, दोघांचंही देणं ती फेडत राहिली. दर तीन डिसेंबरला पहाटेची एसटी धरून जुन्या गोव्याला जायची, मेणबत्ती लावायची आणि दिवेलागणीला खाज्याचा पुडा घेऊन परत यायची. आम्हां मुलांना सायबापेक्षा खाज्याचीच ओढ जास्त.

हा सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. १५५२ साली तीन डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो वारला आणि सव्वा वर्षानं त्याचा देह गोव्यात आणला गेला. एवढं मला माहीत होतं. पण पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला त्याच्या नावाचं एक विद्यापीठ आहे आणि तिथंही तीन डिसेंबर हाच वर्षाचा मोठा दिवस असतो, हे मला २०१७ सालापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या साली मी तिथं शिकायला गेले. मी काही मोठी शिकलेली बाई नव्हे. दहा-बारा गावांतल्या बायकांच्या बचत गटांचं काम पाहत होते, त्यातूनच त्यांची शिष्यवृत्ती मिळाली. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या हॅलिफॅक्स शहरात विमानातून उतरायचं आणि दोन-अडीच तास बसनं जायचं, की अँटिगोनिश नावाचं गाव लागतं. गावच म्हणायचं, कारण वस्ती पाच हजारांच्या आत. विद्यापीठात मात्र चार हजारांवर मुलं. म्हणजे कॉलेज सुरू असलं की गाव दुप्पट होतं आणि सुट्ट्या लागल्या की निम्मं. जत्रा उठल्यावर देवळासमोरचा माळ दिसतो ना, तसं म्हणे ते दिसतं.

आता हे विद्यापीठ तिथं आलं कसं, ते सांगते. तो मुलूख मूळचा मिकमॉ नावाच्या आदिवासींचा, अँटिगोनिश हे नावही त्यांच्याच भाषेतलं. पुढं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुळं तिथं येऊन राहिली. जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडतात असं दिसल्यावर त्यांच्यातल्या कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवरून उठवलं होतं. ही माणसं गरीब, धर्मानं कॅथलिक, बोली गेलिक. त्यांच्या मुलांना शिकवणार कोण? मॅकिनन नावाच्या बिशपनं १८५३ साली आरिशॅट या बंदरगावी एक लहानसं कॉलेज काढलं, दोन वर्षांत ते अँटिगोनिशला हलवलं आणि त्याला झेवियरचं नाव दिलं. हेतू साधा होता, गावागावांतून पाद्री आणि मास्तर तयार व्हावेत. १८६६ साली पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. विद्यापीठाला लागूनच मोठं चर्च आहे. त्याच्या दर्शनी बाजूला गेलिक भाषेत ‘देवाचं घर’ असं कोरलं आहे. इंग्रजांच्या राज्यात आपल्या बोलीतली अक्षरं देवाच्या दारावर कोरायची, याचं मला फार कौतुक वाटलं.

बायकांच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नोत्र दाम संघाच्या जोगिणींनी १८८३ साली तिथं मुलींची शाळा काढली. ती पुढं कॉलेजला जोडली गेली आणि १८९७ साली चार मुलींनी पदवी घेतली. मुलगे-मुली एकत्र शिकणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या कॅथलिक कॉलेजांत मुलींना पदवी देणारं हे पहिलं. दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. १९०० साली तिथं सेंट मार्था नावाचा जोगिणींचा संघ उभा राहिला, आणि तो कशासाठी, तर कॉलेजचा घरसंसार सांभाळण्यासाठी! शेकडो मुलांचा स्वयंपाक, धुणं, आजाऱ्याची सेवा, सगळं या बायकांनी ओढलं. विद्यापीठाचा इतिहास सांगताना बिशप आणि प्राध्यापकांची नावं येतात, पण भाकरी कुणी भाजली ते कुणी फारसं सांगत नाही. पुढं याच जोगिणींपैकी काहीजणी गावोगाव फिरून बायकांना हिशोब आणि घरचा कारभार शिकवू लागल्या, हे मला वर्गात कळलं तेव्हा आमच्या गटांतल्या बायका डोळ्यांसमोर आल्या.

माझं राहणं आवारातच होतं. लाल विटांच्या इमारती, मधे हिरवळ, जिकडेतिकडे निळा आणि पांढरा रंग. ते विद्यापीठाचे रंग. जेवायला सगळ्यांना एकच मोठी भोजनशाळा. ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि हवं ते वाढून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात मी भात पाहिला आणि हरखले, पण घास घेतला तर त्याला ना मीठ ना वास. बाबांना फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न, “काय गो, थंय भात गावता मां?” मी म्हणायची, भात गावता, पण पेज नाही. थंडीत माझी सकाळ साडेआठची असे तेव्हा बाबांचे संध्याकाळचे सहा वाजलेले असत आणि मागे गुरांच्या घंटा ऐकू येत. फोन ठेवल्यावर खिडकीबाहेर पाहावं तर पोरं अर्ध्या चड्डीत गारठ्यातून हसत चाललेली. ऑक्टोबरात तिथली मेपलची झाडं अशी लाल होतात की पळस फिका पडावा. पंधरा-वीस दिवसांत सगळी पानं खाली, आणि मग साडेचारलाच काळोख.

गाव लहान, विद्यापीठ लहान, त्यामुळे कुणी कुणाला चुकवू शकत नाही. मास्तर दुकानात भेटतात आणि वर्गात का दिसली नाहीस म्हणून विचारतात. बरीच मुलं आवारातच राहतात, एकत्र जेवतात, भांडतात, खेळाच्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडतात. शनिवारी रात्री दंगाही पुष्कळ घालतात, ते काही मला आवडलं नाही. संताच्या नावाचं विद्यापीठ म्हणून मुलं संत होत नाहीत.

पण वाचकहो, मला तुम्हांला मुख्य सांगायचं आहे ते वेगळंच.

या कॉलेजात टॉम्पकिन्स नावाचे एक पाद्री उपप्रमुख होते. अंगानं किरकोळ, पण गप्प बसणं ठाऊक नाही. भेटेल त्याच्या हातात काहीतरी वाचायला कोंबायचे. त्यांचं म्हणणं असं की, कॉलेजची दारं चार पोरांसाठी उघडी आणि बाकीचा मुलूख अडाणी, हे शिक्षण कसलं? त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली, आणि १९२१ च्या हिवाळ्यात शेतकरी नि कामकरी माणसांना कॉलेजात बोलावून काही आठवड्यांची ‘लोकांची शाळा’ भरवली. त्या शाळेला ना प्रवेशपरीक्षा, ना वयाची अट. मोठे बाप्ये बाकावर बसले. पण टॉम्पकिन्स आणखी एका बाबतीत वरिष्ठांच्या विरोधात गेले. आसपासची लहान कॉलेजं मोडून हॅलिफॅक्सला एकच मोठं विद्यापीठ करावं असं त्यांचं मत. बिशपला ते रुचलं नाही. १९२२ साली त्यांची बदली कॅन्सो नावाच्या दूरच्या कोळीवाड्यात झाली.

शिक्षाच ती. पण तिथं त्यांनी पाहिलं काय, तर कोळी मासळी आणतात आणि दर ठरवतो व्यापारी. जाळी, मीठ, पीठ सगळं त्याच व्यापाऱ्याकडून उधार, हंगामाअखेर हिशोब त्याच्याच वहीत, आणि त्या वहीत कोळ्याच्या नावावर नेहमी देणंच. १९२७ साली एक जुलैला देशभर कॅनडाच्या साठाव्या वाढदिवसाचा सोहळा चालला होता, तेव्हा कॅन्सोचे कोळी जमले आणि म्हणाले, आम्ही सोहळा कशाचा करायचा? या गाऱ्हाण्यातूनच पुढं सरकारी चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्यापुढं साक्ष द्यायला जे गेले त्यांत टॉम्पकिन्सांचे मावस-चुलत नात्यातले मोझेस कोडी होते. तेही पाद्री, तेही याच विद्यापीठातले. उंच, धिप्पाड, मार्गरी नावाच्या खोऱ्यात शेतावर वाढलेले. १९२८ साली विद्यापीठानं लोकशिक्षणासाठी वेगळा विभाग काढला आणि त्याचे प्रमुख कोडींना केलं.

कोडींनी काय केलं ते नीट ऐका. त्यांनी गावात जाऊन सोसायटी काढली नाही. आधी सभा घ्यायची आणि लोकांना विचारायचं, तुमची मासळी कुठं जाते, कोण विकतं, मधले पैसे कुणाच्या खिशात राहतात? मग आठ-दहा माणसांचे अभ्यासगट करायचे. ते आठवड्यातून एकदा कुणाच्यातरी स्वयंपाकघरात दिव्याच्या उजेडात बसायचे. विद्यापीठातून छापील कागद यायचे ते वाचायचे. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. हिशोब शिकायचा. असे महिनेच्या महिने गेल्यावर, आणि आता आपल्याला पुस्तकातलं कळतं असं त्यांचं त्यांनाच वाटल्यावर, मग पतपेढी, मग दुकान, मग मासळीचा कारखाना. त्यांच्याकडे लॉब्स्टर मिळतो, आमच्या शेवंडीसारखा, पण खेकड्यासारख्या मोठ्या नांग्यांचा. तो कवडीमोलानं घालणारे कोळी स्वतःच्या संस्थेमार्फत थेट बोस्टनच्या बाजारात पाठवू लागले. दहाएक वर्षांत असे हजाराहून अधिक अभ्यासगट झाले. १९४३ साली तर अँटिगोनिशला स्वतःचं रेडिओ केंद्र निघालं आणि कार्यक्रम ऐकून चर्चा करणारे गट बसू लागले. आपल्या जुन्या वाचकांना यावरून काही आठवेल. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचाच नमुना घेऊन १९५६ साली पुणे आकाशवाणीनं दीडशे गावांत श्रोतेमंडळांचा प्रयोग केला होता.

हे सगळं एका दुपारी वर्गात सांगून झालं. आमचा वर्ग गोल बसायचा, निरनिराळ्या देशांतले आम्ही सगळे. कोडी १९५९ साली वारले, त्याच वर्षी त्यांच्या नावानं विद्यापीठानं ही संस्था काढली आणि तेव्हापासून शंभरावर देशांतली माणसं तिथं येऊन गेली आहेत. बाईंनी विचारलं, तुमच्या माहितीतली बंद पडलेली एक संस्था सांगा, आणि ती का बंद पडली ते सांगा. माझ्या पोटात गोळा आला. कारण मला सांगण्यासारखी एकच होती आणि तिचे सेक्रेटरी माझे बाबा होते.

१९९० नंतर आमच्याकडे फळबाग योजनेत काजूची लागवड फार झाली. बी धरू लागली तशी व्यापाऱ्यांची गर्दी झाली. पावसाळ्यात उचल द्यायची आणि चैत्रात आपल्या दरानं बी न्यायची, ही त्यांची रीत. बाबांना ते बघवेना. त्यांनी चार जाणत्यांना घेऊन काजूवाल्यांची सहकारी संस्था काढली. घरोघर फिरून भाग गोळा केले, वजनकाटा आणला, गुदाम भाड्यानं घेतलं. पहिली तीन वर्षं गाव खूष होतं. मग एका खरेदीदाराला माल उधार दिला, त्यानं पैसे बुडवले, आणि संस्था अवसायनात गेली. सेक्रेटरीनं पैसे खाल्ले, असं गाव बोलू लागलं. बाबांनी एक पै खाल्ली नव्हती. ऑडिटातही तसं निघालं नाही. पण सप्त्याला लोक त्यांच्या शेजारी बसेनात. आई त्याच दोन वर्षांत गेली.

मी वर्गात हे सांगितलं आणि सांगताना बाबांची बाजूच घेतली. झांबियाची एक बाई माझ्या शेजारी होती, मका करणारी, अंगानं माझ्या दुप्पट. तिनं शांतपणे विचारलं, “पुस्तकं कोण वाचायचं?” मी म्हटलं, माझे वडील. “आणि?” मला उत्तर सुचेना. मला दिसलं ते इतकंच, की सभेच्या आदल्या रात्री बाबा ओटीवर बसून उद्याच्या सभेचं प्रोसिडिंग आधीच लिहून काढत आहेत, आणि सकाळी माणसं येऊन सह्या आणि अंगठे करून चहा पिऊन जात आहेत.

तीन डिसेंबर उजाडला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या दिवशी विद्यापीठाची अंगठी मिळते. सोन्याची अंगठी आणि तिच्यावर काळी फुली, म्हणजे झेवियरच्या नावातलं इंग्रजी अक्षर. ही अंगठी पुढं जन्मभर बोटात राहते. कुठल्या परदेशी विमानतळावर अनोळखी माणसाच्या बोटात ती दिसली तर दोघं थांबून बोलतात म्हणे. कागदाच्या गिरणीतल्या इलेक्ट्रिशियनचा मुलगा असलेले ब्रायन मुलरोनी इथूनच १९५९ साली पदवीधर झाले आणि १९८४ ते १९९३ कॅनडाचे पंतप्रधान होते. २०१९ साली त्यांच्या नावाची मोठी इमारत आवारात उघडली. त्या दिवशी लांबलांबून आईबाप गाड्या घेऊन आले होते. समारंभ संपल्यावर मुलं बाहेर पडली ती हात पुढं धरूनच. नव्या सुनेनं हिरवा चुडा मिरवावा तसा. अंगरख्यात गुरफटलेली एक म्हातारी नातवाचं बोट हातात धरून अंगठी पुसत होती. बर्फ भुरभुरत होता. मला आई आणि तिचा खाज्याचा पुडा आठवला आणि मी एका झाडाआड जाऊन मनसोक्त रडले. सायबाला काही मागितलं मात्र नाही.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला नाही, कारण त्यांच्याकडे मध्यरात्र उलटली होती. दुसऱ्या सकाळी केला. कोडींची सगळी गोष्ट सांगितली. मग विचारलं, “बाबा, संस्थेची कीर्द तुम्ही कुणाला वाचून दाखवली होती?” पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “लोकांक काय कळता गो त्या हिशोबातला?” आणि फोन ठेवला. आठ दिवस बोलले नाहीत.

इथं एक खरं सांगते. कोडींच्या मुलखातलंही सगळं टिकलं नाही. कोळ्यांनी १९३० साली उभारलेला त्यांचा मोठा संघ १९८८ साली दिवाळखोरीत निघाला. तिथले लोक हे लपवत नाहीत, वर्गातच सांगतात. संस्था मोठी झाली, पगारी माणसं आली, स्वयंपाकघरातल्या बैठका थांबल्या, असं आमच्या बाई म्हणाल्या. मासळीच्या धंद्याची इतर कारणंही असतीलच. पण माझ्या मनात बैठकांचं राहिलं.

परत आल्यावर मी आमच्या गटात गळक्या बादलीचा खेळ घेतला. हा त्या संस्थेनं शिकवलेला. जमिनीवर खडूनं मोठी बादली काढायची. वरून घरात येणारा पैसा, खालच्या भोकांतून जाणारा पैसा, आणि प्रत्येक भोक किती मोठं ते बायकांनीच ठरवायचं. बायकांनी दवाखाना काढला, मोबाईल काढला, बेकरीची बिस्किटं काढली. मग एकीनं खडू घेतला आणि सगळ्यांत मोठं भोक काढलं. मी विचारलं, हे कसलं? म्हणाली, काजू. सोलून विकली तर केवढ्याला जाते आणि आपण बी केवढ्याला घालतो, तो फरक.

मग साहजिकच जुन्या संस्थेचा विषय निघाला. मी गप्प. बाबा पडवीत सुपारी कातरत होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते उठले आणि आत गेले. माळ्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मग गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं घेऊन बाहेर आले आणि खळ्यात बादलीच्या चित्राशेजारी बसले. वीस वर्षांची धूळ झटकली. कीर्द उघडली. चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तारीख, नाव, किती किलो बी, काय दर, किती पैसे दिले.

तिसऱ्या पानावर एक म्हातारी म्हणाली, थांबा. तिच्या नवऱ्यानं बाबांना भर बाजारात नको ते बोललं होतं, आता तो हयात नाही. ती पुढं सरकली आणि म्हणाली, “ह्या आमच्या नावाचा परत वाचा बघू. किती किलो?”

बाबांनी बोट ओळीवर ठेवलं, चष्मा वर सरकवला आणि परत वाचलं.